धम्मदीपची फांदी

सोमवार, ३ नोव्हेंबर

नवी नोकरी, नवं गाव, म्हणून नवी रोजनिशी. कागदाची वही मी ठेवत नाही, कारण ती आई वाचते आणि वाचून झाल्यावर वर मलाच अर्थ विचारते. म्हणून ही फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवर, माझ्या स्वतःच्या ब्रांचमध्ये, म्हणजे कोडच्या माझ्या वेगळ्या प्रतीत. दुसऱ्याच्या ब्रांचमध्ये इथे कोणी डोकावत नाही. घरच्या कपाटापेक्षा ही जागा सुरक्षित.

ऑफिस कर्वेनगरला, तिसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान आणि एक मेस, त्यामुळे दिवसभर पोळ्यांचा वास. आम्ही एकूण सात जण. डायलिसिस सेंटरसाठी सॉफ्टवेअर लिहितो. कोणता पेशंट, कोणतं मशीन, किती वेळ, अंगातलं किती पाणी काढायचं, ते सगळं आमच्या कोडवर चालतं. शहरात अकरा सेंटर आहेत आणि त्यातलं एक बिबवेवाडीला, आमच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर. कंपनीत लागलेल्याच्या घरच्या माणसाला तिथे कायमचं मशीन मिळतं. चंद्रपूरला आईचा नंबर कधी लागायचा, कधी नाही, आणि नाही लागला की तिचे पाय सुजून पाटीएवढे व्हायचे. इथे सोमवार आणि गुरुवार, अकरा ते तीन, मशीन क्रमांक चार. आज ती पहिल्यांदा एकटी चालत गेली आणि आली. मशीन शहाणी हाय बाप्पा, आवाजच नाई करत, एवढं बोलून झोपली.

इंद्रजीत म्हणून इथले सर्वांत जुने आहेत. त्यांनी माझं गाव आणि अनुभव विचारला आणि बजावलं की इथे चहा साडेदहाला असतो. सव्वादहाला मागितलात तर मिळणार नाही, रागही येईल. खरंच, सव्वादहा ते साडेदहा ऑफिसात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. सगळे मान खाली घालून काहीतरी बघत होते. मला वाटलं, काय ही शिस्त! मग मुक्ताई मावशींनी चहा आणला आणि सगळे एकदम माणसांत आले.

मी फार खूश आहे. इतकं स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुरकुर करीन तेव्हा वाचता येईल.

बुधवार, ५ नोव्हेंबर

रात्री जेवताना आईला माझं काम समजावलं. म्हटलं, एक झाड आहे. त्याचं खोड म्हणजे मुख्य ब्रांच. खोडात जे असतं ते अकराही सेंटरमध्ये चालतं. प्रत्येकाने आपली फांदी काढायची, तिच्यावर हवे ते उद्योग करायचे, नीट जमले तर खोडाला जोडायचे. पण आपली फांदी आपणच जोडायची नाही. दुसऱ्या कोणीतरी बघून मंजुरी द्यावी लागते. जोडली की तीन मिनिटांत सगळीकडे चालू.

आईने घास थांबवून विचारलं, आन वाळलेल्या फांद्या कोन तोडते? म्हटलं, सध्या मीच. नव्या माणसाला इथे पहिलं काम तेच देतात. सोडून गेलेल्या लोकांच्या ब्रांचा तशाच पडून असतात, त्या बघून पुसून टाकायच्या. एकूण त्रेचाळीस. चोपन्न टक्के बॅटरी उरलेला हा लॅपटॉपही तसाच एका सोडून गेलेल्याचा आहे. आत अजून त्याचं नाव आहे: धम्मदीप. वाचून बरं वाटलं, आपल्याकडचा वाटला. आईलाही सांगितलं. तिने लगेच विचारलं, लग्न झालं काय त्याचं?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बेचाळीस पुसल्या. शेवटची धम्मदीपची, ‘वजन’ नावाची. ती मार्चपासून मंजुरीची वाट बघत पडली होती. इंद्रजीतना विचारलं की ही कामाची आहे का. त्यांनी मान वर न करता सांगितलं की पुसा. मग तीही पुसली. झाड स्वच्छ.

सोमवार, १० नोव्हेंबर

धम्मदीपची ब्रांच परत आली आहे.

वेळ सकाळी दहा चाळीस. नाव त्याचं, लॅपटॉप माझा. दहा चाळीसला मी खिडकीपाशी चहा पीत उभी होते आणि सगळे माझ्यासोबत होते. त्याने जाण्यापूर्वी एखादं काम वेळ लावून ठेवलं असणार म्हणून लॅपटॉप धुंडाळला. काही सापडलं नाही. पुन्हा पुसली. इंद्रजीत म्हणाले, चिवट होता मुलगा.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मंगळवारी आली, आजही आली. आज पुसण्याआधी उघडून बघितली. कोडचा बदल एवढासा, चार ओळींचा, त्याच्यावरून नुसती नजर फिरवली. खरी गंमत खाली, एका यादीत. सेंटरचं नाव, पेशंटचा क्रमांक, तारीख, आणि पुढे ‘दोन लिटर जास्त’, ‘दीड लिटर जास्त’ असं. सोमवारी मी न उघडता पुसली होती, त्यामुळे यादी तेव्हाही होती का ते माहीत नाही. आज नऊ नावं आहेत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज चहाला गेले नाही. पोट दुखतंय म्हणून जागेवर बसून राहिले. बाहेर लख्ख ऊन, खाली मेसमध्ये भांड्यांचा आवाज, पलीकडे सगळे क्रिकेटवर बोलत होते. दहा चाळीसला पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. सावकाश, माणूस टाइप करतो तशी. एका शब्दात चूक झाली. अक्षरं मागे गेली, चूक पुसली गेली, शब्द नीट लिहिला गेला.

त्या चुकीनेच माझी बोबडी वळली. यंत्र चुकून मागे येत नाही.

चारही ओळी झाल्या, यादी झाली, आणि मग कर्सर ‘मंजुरी मागा’वर जाऊन लुकलुकत राहिला. चार मिनिटं. कोणी काही केलं नाही, मग थांबला. मी किबोर्डाला हात लावला तर तो कोमट होता.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

भिण्यापेक्षा शोध घेतलेला बरा. यादीतले नऊ क्रमांक आमच्या नोंदींत काढून बघितले. नऊच्या नऊ जणांची शेवटची डायलिसिस अर्ध्यात थांबलेली. त्यानंतर एकाचीही नोंद नाही.

खोडातला कोड वाचून यंत्रणा आता मला समजली आहे, ती इथे लिहून ठेवते. प्रत्येक पेशंटचं एक ठरलेलं वजन असतं. त्याच्या वर जे भरेल ते पाणी समजून मशीन काढतं. माणूस नीट जेवायला लागला, अंगावर मांस धरलं, की डॉक्टर ते ठरलेलं वजन वाढवतात. पण वाढवल्यावर सेंटरचं नेट गेलं आणि परत आलं, तर आमचं सॉफ्टवेअर नवा आकडा पुसून जुना आणून बसवतं. मशीनला वाटतं, सगळं पाणीच. ते काढत राहतं. रक्तदाब कोसळतो. म्हणजे ज्याची तब्येत सुधारते त्याचाच घात. हे वाचून मला हसू आलं, फार वाईट हसू.

आज यादीत दहावं नाव आहे. तारीख उद्याची.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दहाव्याची डायलिसिस दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी थांबली. पुढे नोंद नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

गोपाळकृष्ण सरांनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनी त्यांचीच. फार मऊ बोलतात, अहो-जाहो करतात. आधी आईंची चौकशी केली, बिबवेवाडीचं सेंटर आवडलं का, डबा नेतात का. मग म्हणाले की ती ब्रांच तुमच्या लॅपटॉपवरून येते, म्हणजे ती तुम्हीच टाकत असाल असं कोणालाही वाटेल. मी नाही म्हटलं. ते म्हणाले की माझा विश्वास आहे, म्हणून तर सांगतोय.

चूक त्यांना चौदा महिन्यांपासून ठाऊक आहे. धम्मदीपच्या त्या चार ओळी खोडाला जोडल्या तर डॉक्टरांचा आणि आमचा आकडा जुळत नसेल तिथे मशीन पाणी काढणं थांबवून बोंब मारेल. अकरा सेंटरमध्ये एकदम बोंब. मग चौकशी, मग सेंटरना कुलूप. त्यांनी टाचणीएवढाही आवाज न चढवता विचारलं की मग आईंना कुठे नेणार, चंद्रपूरला?

नवीन आवृत्तीत हळूच दुरुस्त करू, म्हणाले. जूनपर्यंत.

जागेवर आले तर इंद्रजीत खुर्ची ओढून शेजारी बसले आणि सव्वादहाच्या शांततेचं गुपित सांगितलं. इथे सगळ्यांच्या घरचं कोणी ना कोणी मशीनवर आहे. त्यांची बायको आहे, कोणाचा भाऊ, कोणाची सासू. अकराची पाळी सुरू होण्याआधी प्रत्येक जण आपापल्या माणसाचा आकडा उघडतो, जुना आला असेल तर हाताने नवा करतो, आणि मग चहा पितो. एका हाताला एकच माणूस. जास्त आकडे बदललेले दिसले तर सेंटरवाल्यांना संशय येतो, म्हणून दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा नाही. ‘आता तुम्ही आमच्यातल्या,’ ते म्हणाले.

नोकरीच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता: घरात कोणी डायलिसिसवर आहे का? मी किती आनंदाने ‘हो’ लिहिलं होतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सव्वादहाला आईचा क्रमांक उघडला. बिबवेवाडी, एकाहत्तर. पुण्याला आल्यापासून ती दोन वेळा नीट जेवते, गालाची हाडं बुजली आहेत. डॉक्टरांनी ठरलेलं वजन साडेएकोणपन्नासवरून बावन्न केलं होतं. पडद्यावर साडेएकोणपन्नास होतं. मी बावन्न केलं. मग सगळ्यांबरोबर चहा प्यायले, आणि चहा नेहमीसारखाच लागला याची मला लाज वाटते.

दहा चाळीसला ब्रांच आली. मी पुसली.

आईला सांगायचं का यावर रात्रभर विचार केला. सांगितलं तर ती तिथल्या सगळ्या खाटांना सांगणार. आई म्हणजे आकाशवाणी. सांगितलं नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मुक्ताई मावशींचे यजमान कोंडीराम बिबवेवाडीलाच मशीनवर असतात, शनिवारी. हे मला आजच कळलं. मावशींची नोकरी झाडलोट आणि चहाची, लॅपटॉप काही त्यांना मिळालेला नाही. त्यांनी कप उचलता उचलता हळूच विचारलं की ताई, तुम्ही लोक सकाळी घरच्यांचं काहीतरी बघता ना, तसं आमच्या ह्यांचं बघाल का. गेल्या वेळी त्यांच्या पायात लय गोळे आले, घरी येऊन रडले.

मी बघते म्हणाले.

बघितलंही. जुना आकडा आहे. पण आईचा एक आणि हा दुसरा, दोन्ही बिबवेवाडीचे, दोन्ही माझ्या नावावर. शुक्रवारी सर महिन्याची नोंद काढतात. म्हटलं, शनिवारी सकाळी करू.

दहा चाळीसच्या यादीत अकरावं नाव आहे, शनिवारच्या तारखेचं. क्रमांक मी ओळखला. ब्रांच पुसली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सुट्टी होती. लॅपटॉप उघडला होता. आकड्यावर बोट ठेवलं होतं. सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, मग आईचा. बंद केला.

सोमवार, १ डिसेंबर

मुक्ताई मावशी आल्या नाहीत. चहा इंद्रजीतनी केला. साखर जास्त पडली होती, ते मात्र सगळ्यांनी बोलून दाखवलं.

मंगळवार, २ डिसेंबर

धम्मदीपचं काय झालं ते इंद्रजीतना आज विचारलंच. नोकरी सोडली म्हणून सांगतात ते खोटं. त्याची आई, विमलाबाई, कर्वेनगरच्या सेंटरला होत्या. तो आपल्या आईचा आकडा रोज नीट करायचाच, पण त्याला ते पुरेसं वाटेना. सगळ्यांचंच दुरुस्त व्हावं म्हणून त्याने त्या चार ओळी लिहिल्या आणि एका सकाळी चहाच्या वेळी जागेवर बसून मंजुरी मागितली. सगळे खिडकीपाशी उभे होते. कोणी वळून बघितलं नाही. ओळी संपवून मंजुरी मागण्याच्या नादात त्या दिवशी त्याचं आईचा आकडा बघायचं राहिलं. दुपारी विमलाबाई गेल्या. अकराव्या दिवशी तो कामावर आला, पुन्हा मंजुरी मागितली, आणि चहा संपवून सगळे परतले तेव्हा डोकं किबोर्डावर टेकलेलं होतं. डॉक्टर म्हणाले हृदयविकार. वय एकोणतीस.

इंद्रजीत हे सगळं रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगत होते. मग त्यांनी चष्मा पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

याच किबोर्डावर.

गुरुवार, ४ डिसेंबर

बारावं नाव. बिबवेवाडी, एकाहत्तर. अडीच लिटर जास्त. ११ डिसेंबर.

आई.

मी त्याचं काय वाकडं केलं? मी तर त्या वेळी इथे नव्हतेही. तो नाव लिहितो आणि माणूस मरतं. मी रोज त्याची ब्रांच पुसते म्हणून तो सूड घेतोय. त्याची आई गेली म्हणून माझी.

शुक्रवार, ५ डिसेंबर

सरांकडे जाऊन सरळ सांगितलं की मला सर्व्हरची किल्ली द्या, मुळापासून उखडते. त्यांनी आनंदाने दिली. म्हणाले की असा पुढाकार आवडतो मला. दिवसभर तेच केलं. ब्रांच पुसली. बॅकअपमधली पुसली. त्याचं खातं बंद केलं. मंजुरी देऊ शकणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव अजून होतं, तेही काढलं. ही फाइल तेवढी बाजूला काढून लॅपटॉप कोरा करून घेतला. संध्याकाळी सरांनी किल्ली परत घेतली. आता त्याचा नखाएवढा तुकडाही कुठे नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

आईबरोबर विहारात गेले. धम्मदीप वारला, एवढंच तिला सांगितलं होतं. तिने बाबासाहेबांपुढे मेणबत्ती लावली. मग दुसरी माझ्या हातात देऊन म्हणाली, ज्याच्या जागेवर बसतं ना तू, त्या पोराच्या नावानं लाव. त्याच्यानंच तुले जागा भेटली. मी लावली नाही. तिने लावली.

सोमवार, ८ डिसेंबर

दहा चाळीस. एक्केचाळीस. पंचेचाळीस. आली नाही!

आईचा आकडा बावन्न. आई तीन वाजता ठणठणीत घरी.

बुधवार, १० डिसेंबर

काल नाही, आजही नाही. इंद्रजीतनी मान डोलावली. सरांनी सगळ्यांना पेढे दिले. मी दोन खाल्ले.

उद्या आईला घरी ठेवावं का, असं एकदा मनात आलं. पण एक डायलिसिस चुकली की तिला श्वास घेता येत नाही, चंद्रपूरला बघितलंय. आणि आता कशाला? यादीच राहिली नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर

१०.२० — आईचा आकडा बघितला. बावन्न. चहा.

१०.४० — काही नाही.

१२.२५ — सहज उघडला. साडेएकोणपन्नास.

बिबवेवाडीला रस्ता खोदतायत, तिथलं नेट मिनिटभर येतं, मिनिटभर जातं. बावन्न केलं. नेट गेलं, आलं. साडेएकोणपन्नास. पुन्हा बावन्न. पुन्हा —

दीड तास मशीन पाणी ओढतंय. रक्तदाब ११० होता, ९८ झाला.

१२.३१ — सेंटरचा फोन त्याच केबलवर. लागत नाही. आईचा मोबाइल पिशवीत, पिशवी बाहेर. सर विमानात, फोन बंद. घरमालकांना फोन केला, म्हटलं दहा मिनिटांवर आहे, पळत जा. म्हणाले जेवायला बसलोय, उठलो की बघतो. रिक्षाने मला पाऊण तास.

ती यादी धमकी नव्हती. तो मला सांगत होता. सात दिवस आधी सांगत होता आणि मी —

१२.३५ — त्या चार ओळी खोडात गेल्या की नेट मिनिटभर आलं तरी पुरे. मशीन थांबेल. फक्त त्या चार ओळी.

आठवत नाहीत. कितीतरी सकाळी समोर होत्या. मी फक्त यादी वाचली. ओळी कधी वाचल्याच नाहीत.

१२.४३ — माझ्या बुद्धीने लिहिल्या. चाचणी चालू आहे, चार मिनिटं लागतात. हात रिकामे राहिले तर ओरडेन, म्हणून हे लिहितेय. रक्तदाब ९०.

१२.४७ — चाचणी फसली.

१२.५४ — पुन्हा फसली. दुसऱ्या ओळीत चूक. मागे जाऊन पुसली. नीट लिहिली. तोही अशीच —

रक्तदाब ८४. आईला गरगरत असेल. ती सांगणार नाही कोणाला. मोठ्या लोकायले तरास नको, असं म्हणेल.

१.०२ — चाचणी पास! मंजुरी मागितली.

१.०४ — सगळे जागेवर आहेत. कोणी वळत नाही. प्रत्येकाच्या खुर्चीपाशी जाऊन सांगितलं. पाया पडले. एकाने हेडफोन लावले.

१.०७ — इंद्रजीतची बायको आत्ता मशीनवर आहे. सगळं थांबलं, सेंटरला कुलूप लागलं, तर सोमवारी तिला कुठे नेऊ, असं ते विचारतात. रडतायत. मग म्हणाले की निकिता, मुक्ताईंच्या वेळी तुम्हीही शनिवारी लॅपटॉप बंदच केलात ना. नोंदीत दिसतं.

हो. केला.

१.०९ — ७४

सेंटरवाल्यांनी बघायला नको का? दहा खाटांना एक माणूस. तो दुसऱ्या खोलीत असेल, तो —

१.१० — धम्मदीप, तू ये. आज उशीर झाला तरी ये. मी चुकले. तू लिहू नकोस काही, नुसती मंजुरी दे, एकदा, माझी आई आहे रे ती, तिने तुझ्यासाठी मेणबत्ती —

१.११ — मंजुरी देणाऱ्यांची यादी उघडली. सहा नावं. सहाही जिवंत.

तुझं मीच काढलं

१.१२ — नेट आलं. रक्तदाबाचा आकडा येतोय, भरतोय, पहिला अंक पाच, आणि पुढे